बूट घाल, बस, मी येते

१

दुपारी एकच्या बातम्या सुरू झाल्या की पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लंबगोल उघडायचा. आकार पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठा. त्यात काळ्या सदऱ्यातली, आखूड केसांची एक बाई हातांनी बोलत असायची. ज्यांना ऐकू येतं त्यांना ती दिसतच नसे. दिसलीच, तर "ही बाई डास मारतेय की काय?" असा विनोद घरोघर एकदा तरी होऊन गेलेला. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बातम्या म्हणजे तो कोपराच. बाकीच्या मोठ्या पडद्यावर नुसती ओठ हलवणारी नटलेली माणसं.

तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. दूरचित्रवाणी केंद्रातसुद्धा सगळे तिला 'कोपऱ्यातली ताई' म्हणत. बावीस वर्षं ती त्या कोपऱ्यात होती. या काळात बातम्या सांगणारे नऊ जण येऊन गेले, त्यांची नावं झाली, दोघातिघांनी भाषणं देत फिरायला सुरुवात केली. ताई होती तिथेच. कधी बाजारात एखादा माणूस तिच्याकडे टक लावून बघायचा आणि एकदम दोन्ही हात हवेत फिरवून हसायचा. ओळखलं, एवढंच त्याला सांगायचं असे. तीही हसायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

कारण तिचा खरा प्रेक्षक घरी बसलेला असे. तिचा धाकटा भाऊ. जन्मापासून बहिरा. दोघांनी लग्नं केली नाहीत, आईवडील गेल्यावर दोन खोल्यांत दोघंच राहिले. तो घरीच घड्याळं दुरुस्त करायचा आणि एक वाजला की भिंग उतरवून खुर्चीत बसायचा. बातम्या संपेपर्यंत तो पडद्यावरच्या बहिणीशी गप्पा मारायचा. संध्याकाळी ती घरी आली की तक्रार करायचा, "केस विस्कटलेत म्हणून मी दोनदा सांगितलं तुला. लक्षच नव्हतं." आणि मग आपल्याच विनोदावर खूश होऊन जमिनीवर दोनदा पाय आपटायचा. त्या घरात हसू असं पायांनी ऐकू यायचं.

चार महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, बातम्या चालू असतानाच तो त्या खुर्चीत गेला.

२

दु:खाला माणूस हळूहळू सरावतो म्हणतात. ताई सरावलीही असती, पण एका गोष्टीने तिची पाठ सोडली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, "एकदम नाही गेले ते. अर्धा-पाऊण तास तरी त्रास होत असणार. कुणी आणलं असतं तर..." पुढचं ते बोलले नाहीत. ताईनेच मनातल्या मनात हजारदा बोलून घेतलं.

खुर्चीपासून चार पावलांवर भिंतीत एक बटण होतं. ते दाबलं की शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात घंटा वाजायची. भावासाठीच बसवून घेतलं होतं, आणि काकू त्या दिवशी सकाळपासून घरातच होत्या. "हातातलं टाकून धावले असते ग मी," काकू रडून रडून सांगत. मोबाइल त्याच्या खिशात होता. त्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. साडेतीनला काकू सहज डोकावल्या तेव्हा तो खुर्चीत ताठ बसलेला होता, हात गुडघ्यांवर, तोंड टीव्हीकडे. आणि पायात बूट होते. घरात कधी चप्पलसुद्धा न घालणाऱ्या माणसाच्या पायात बाहेरचे बूट, नाड्या नीट बांधलेले.

बूट घालायला वाकता आलं, नाड्या बांधता आल्या, मग चार पावलं का टाकली नाहीत? बटण का दाबलं नाही? हे कळल्याशिवाय ताईला झोप लागणार नव्हती. लागतही नव्हती.

३

दर सोमवारी केंद्रात मास्तरांचं पोस्टकार्ड यायचं. मास्तर म्हणजे बहिऱ्यांच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मुलांचे हात सुधारले, आता ताईचे सुधारत. आठवडाभराच्या बातम्या डोळ्यांत तेल घालून बघायच्या आणि लाल शाईने चुका कळवायच्या, हा त्यांचा नेम. 'बुधवारी पुलाची खूण करताना कोपर खाली गेले. पूल पडला असे वाटले.' अशी त्यांची भाषा. केंद्रातल्या कुणीही ताईचं काम इतक्या मनापासून पाहिलं नव्हतं, म्हणून तिला या लाल शाईचा मोठा आधार होता.

त्या सोमवारचं कार्ड मात्र वेगळं होतं.

'गेले तीन आठवडे हवामान संपता संपता आपले हात बातमी सोडून भलतेच बोलतात. दोन मुठी एकमेकींवर दोनदा आपटता. मग तळवा गुडघ्यावर दाबता. मग खांद्यावरची वेणी ओढल्यासारखे करून बोट स्वत:कडे वळवता. या खुणा कोणत्याही कोशात नाहीत. आपल्याला तर वेणीही नाही. कुणाशी बोलता?'

ताईने कार्ड दोनदा वाचलं. मग ते पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली.

कोशात त्या नसणारच. त्या खुणा घरच्या होत्या, दोघा भावंडांनी लहानपणी बनवलेल्या. दोघांच्या शाळा समोरासमोर. त्याची आधी सुटायची, हिची अर्ध्या तासाने. तो पायरीवर येऊन उभा राहिला की ही वरच्या मजल्यावरच्या वर्गाच्या खिडकीतून त्याला सांगायची. दोन मुठी आपटल्या की बूट घाल. तळवा गुडघ्यावर दाबला की बस, उठू नकोस. वेणी म्हणजे ती स्वत:, तिचं नाव त्याने तसंच ठेवलेलं (तिने त्याचं ठेवलं ते पुढच्या तुटक्या दातावर बोट आपटून), आणि बोट स्वत:कडे वळवलं की येते. बूट घाल, बस, मी येते. सहा वर्षं, रोज.

एकदाच ती गेली नव्हती. मैत्रिणींबरोबर दुसऱ्या दाराने निघून गेली, आणि भाऊ डोक्यातून साफ निघून गेला. दिवे लागायच्या वेळी आईने विचारलं तेव्हा तिला आठवलं. ती धावत गेली तर तो पायरीवरच होता. शाळेच्या शिपायाने त्याला उचलून घरी न्यायचा प्रयत्न केला होता, तर हा कठड्याला मिठी मारून बसलेला. ताई 'बस' म्हणाली होती ना. ती समोर येऊन 'चल' म्हणेपर्यंत तो उठणार नव्हता. ती वेणी कधीच कापली, पण त्याच्या हातातलं तिचं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं.

४

केंद्रात जुनी ध्वनिचित्रं सांभाळणारा एक माणूस होता, त्याला सगळे फितीवाला म्हणत. फिती जाऊन जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ताईने त्याला शुक्रवारच्या बातम्या लावायला सांगितल्या.

हवामान आलं. उद्या आकाश निरभ्र राहील. लंबगोलातल्या बाईने आकाश केलं, निरभ्र केलं. मग तिची नजर कॅमेऱ्यावरून सुटली आणि खाली, डावीकडे गेली, समोर कुणी लहानखुरं बसल्यासारखी. दोन मुठी. गुडघा. वेणी.

"थकला आहात ताई," फितीवाला म्हणाला. "मी नाही का, घरी बायकोलासुद्धा 'तीन, दोन, एक' करून हाक मारतो. हाताला सवय असते."

ताईला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा. माणूस गेलेला, त्याच्या आठवणी हातांत साठलेल्या, थकव्यात त्या बाहेर पडणारच. घसरतात हात. दुभाष्यांचं होतं असं कधी कधी, घरची खूण कामात येते.

तरी दुसऱ्या दिवशी ती बातम्यांना बसली तेव्हा तिने एक मोठा पांढरा रुमाल बरोबर नेला. फितीवाल्याला म्हणाली, "काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहा. पापणी लववू नका." हवामान संपलं, शेवटचं संगीत लागलं, आता दुभाष्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने रुमालाची दोन टोकं दोन मुठींत घट्ट धरली आणि दिवा विझेपर्यंत सोडली नाहीत. हाताच्या शिरा दुखल्या.

"रुमालच धरून होतात की," फितीवाला बाहेर आल्यावर म्हणाला. "बोटसुद्धा हललं नाही. झालं ना समाधान? चला, चहा घेऊ."

"आधी लावा," ताई म्हणाली.

त्याने लावलं. पडद्यावर रुमाल नव्हता. मोकळे हात. दोन मुठी, गुडघा, वेणी.

फितीवाल्याने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. मग घसा खाकरून म्हणाला, "यंत्र आहे. कधी कालचा तुकडा आजला जोडतं." ताईने पडद्यावरच्या बाईच्या डाव्या तर्जनीकडे बोट दाखवलं. तिथे चिकटपट्टी होती. ते बोट तिने त्याच दिवशी सकाळी विळीवर कापून घेतलं होतं.

त्या दिवशी चहा कुणीच घेतला नाही.

५

"त्या मंगळवारचं लावा," ताई म्हणाली.

"नको ताई."

"लावा म्हणते ना."

"कशाला जिवाला लावून घेता? त्या दिवशी तुम्ही इथे हसून पाऊसपाण्याचं सांगत होतात आणि तिकडे... कशाला बघायचं ते?" फितीवाला मनाने हळवा होता. त्याने तिच्यासमोर हात जोडले. मग ती हटत नाही असं बघून त्यानेच लावलं आणि स्वत: तोंड फिरवून उभा राहिला.

परीक्षांच्या तारखा. कुणीतरी कुणाच्या तरी हस्ते काहीतरी उघडलं. मग एका धरणाच्या पाण्याची बातमी. लंबगोलातली ताई सगळं नीट सांगत होती. मास्तर त्या आठवड्यात गावाला होते, त्यांचं कार्ड आलं नव्हतं; पण कोपर कुठे खाली गेलं नव्हतं.

अकराव्या मिनिटाला ती थांबली.

बातम्या सांगणारा बोलतच होता. लंबगोलातल्या ताईने मान खाली, डावीकडे वळवली आणि विचारलं, काय झालं?

मग ती बघत राहिली. समोरचा हातांनी बोलत असला की बहिऱ्यांमध्ये वाढलेलं माणूस जसं बघतं, तसं. मध्ये मान हलवत, भुवया आवळत. कुठे दुखतंय? पुन्हा बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची भीती इकडे खुर्चीत बसलेल्या ताईने आरशातसुद्धा कधी पाहिली नव्हती.

मग दोन मुठी, दोनदा. बूट घाल.

तळवा गुडघ्यावर. बस. आणि पुन्हा, अधिक जोरात. बस. उठू नकोस.

वेणी. बोट स्वत:कडे. मी येते.

आणि मग नजर उचलून, कॅमेऱ्याकडे बघत, ती धरणाच्या पाण्याबद्दल पुढे सांगू लागली.

"काय दिसलं तुम्हाला?" ताईने विचारलं.

फितीवाल्याने केव्हातरी मान वळवून पाहिलं होतं. "मला काय कळणार ताई? हात हलत होते. नेहमीसारखे."

चार महिने जे उत्तर तिला हवं होतं ते आता मिळालं होतं. त्याने बटण का दाबलं नाही? ताई 'उठू नकोस' म्हणाली म्हणून. शाळेच्या पायरीवर कठड्याला मिठी मारून बसला होता तसाच तो बसला, बूट घालून, छातीत कळ घेऊन, ती येईल म्हणून. आणि ती चार वाजता आली.

मी नव्हते ते, असं तिने स्वत:ला सांगून पाहिलं. मी त्या दिवशी धरणाबद्दलच सांगत होते. पण हात तिचे होते, चेहरा तिचा होता, वेणी तिची होती. त्याला तरी दुसरं कोण वाटणार? ताई त्या काळोख्या खोलीत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. फितीवाला तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही या विचारात तसाच उभा होता.

६

रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. पडद्यावरची ती अजून रोज 'बस' म्हणते आहे. म्हणजे कुणीतरी अजून बसलेलं आहे.

सुटी घेऊन घरी थांबावं का? चार वाजता जाऊन तर काही उपयोग नव्हता. चारला ती त्या दिवशीही गेलीच होती. शब्द दिला होता तो अकराव्या मिनिटाला, केंद्रातल्या खुर्चीतून. जायचं तर तिथूनच, तेव्हाच उठून जायला हवं होतं. हा विचार वेड्याचा आहे हे तिला कळत होतं. दात घासताना कळत होतं, कुलूप लावताना कळत होतं, टीव्ही बंद आहे ना हे दोनदा बघताना कळत होतं. तरीही केंद्रात शिरताना तिने पायातले बूट नेहमीसारखे बाहेर काढून ठेवले नाहीत.

बातम्या सुरू झाल्या. अकराव्या मिनिटाला कुठल्याशा रस्त्याच्या कामाची बातमी चालू असताना ताईने बातम्या ऐकायचं कानातलं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि ती उठली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो कोपरा रिकामा झाला. काचेपलीकडे धावपळ उडाली, कुणीतरी ओरडलं, फितीवाला जिन्यापर्यंत मागे आला. "ताई! अहो ताई, नोकरी जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली आणि पळत सुटली.

पन्नाशीच्या बाईला पळताना बघून लोक बाजूला झाले. एका फळवाल्याने तिला ओळखून हात हवेत फिरवले. बारा मिनिटांत ती आपल्या जिन्यात होती, आणि पहिल्याच पायरीवर तिला ऐकू आलं. वरून, तिच्या बंद घरातून, बातम्या सांगणाऱ्याचा आवाज येत होता.

तिने दार उघडलं.

टीव्ही उंच कपाटावर होता, तिथेच. समोर जरा बाजूला त्याची बुटकी खुर्ची. पडद्यातून बघणाऱ्याला ती खुर्ची खाली, डावीकडे दिसेल. हे बावीस वर्षांत कधी तिच्या ध्यानात आलं नव्हतं. खुर्ची रिकामी होती. पण खुर्चीपुढे त्याचे बूट होते. त्याच्या इतर वस्तूंबरोबर ते तिने स्वत:च्या हाताने पेटीत भरून ठेवले होते. नाड्या बांधलेल्या होत्या.

ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. वेणी. आले. आले मी. मग करंगळी पुढे केली. चल. लहानपणी तो त्या करंगळीला धरून उठायचा.

काहीच झालं नाही. बातम्या सांगणारा तापमान सांगत होता.

"उशीर झाला रे मला," ती तोंडाने म्हणाली. त्याच्याशी ती आयुष्यात कधी तोंडाने बोलली नव्हती. "चुकलं माझं. ऊठ आता. किती वेळ बसशील?"

तेव्हा गुडघ्यांखालच्या जमिनीत तिला जाणवलं. धप्. धप्. दोनदा.

ते खुर्चीकडून आलं नव्हतं. मागून आलं होतं, टीव्हीच्या बाजूने. तिने वळून पाहिलं.

कोपऱ्यातला लंबगोल अजून उघडा होता. त्यात तिने सोडलेली खुर्ची होती आणि मागचा राखाडी पडदा. खुर्चीत कुणी दिसत नव्हतं. पण खालच्या कडेपाशी दोन हात होते, घड्याळांच्या तेलाने काळवंडलेल्या नखांचे. दोन मुठी एकमेकींवर दोनदा आपटल्या. तळवा गुडघ्यावर दाबला गेला. मग एक बोट वर गेलं, जिथे चेहरा असायला हवा तिथपर्यंत, आणि पुढच्या तुटक्या दातावर आपटल्यासारखं हललं. हे त्याचं नाव होतं. मग बोट स्वत:कडे वळलं.

शेवटचं संगीत लागलं आणि लंबगोल मिटला.

७

नोकरी गेली. जायचीच होती. आता कोपऱ्यात एक नवी मुलगी असते. मास्तरांचं शेवटचं कार्ड फितीवाल्याने घरी आणून दिलं. त्यात लाल शाई नव्हती. 'आपण उठून गेल्यावर आपल्या जागी आलेले गृहस्थ कोण, हे मी विचारणार नाही. त्यांचे हात फार स्वच्छ होते,' एवढंच होतं.

काकू दुपारी अधूनमधून डोकावतात. एक वाजून गेलेला असतो, टीव्ही चालू असतो आणि ताई भावाच्या खुर्चीत ताठ बसलेली असते, हात गुडघ्यांवर. हल्ली ती वाळली आहे. मध्येच तिचा श्वास अडकल्यासारखा होतो, ओठ निळसर दिसतात. काकूंच्या जिवाला घोर लागतो.

"बरं नाही का ग वाटत?" त्या विचारतात. "डॉक्टरकडे जाऊ या. आणि काही झालं तर ते बटण दाब. चार पावलांवर तर आहे. दाबशील ना?"

ताई हसते. तिच्या पायात बाहेरचे बूट असतात, नाड्या नीट बांधलेले.

"तो बस म्हणालाय काकू," ती म्हणते.